एका घरातल्या दोन लिप्या

स्थळाच्या माहितीपत्रकात 'छंद : वाचन' ही ओळ हल्ली हमखास असते. प्रेमात पडलेली माणसंही एकमेकांचे आवडते लेखक विचारून मनं जुळल्याची खात्री करून घेतात. लेखक जुळले की संसार जुळेल, असा हा हिशोब. बिदर-कलबुर्गीकडे मात्र तो पहिल्याच पायरीवर अडतो. 1956 साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद म्हैसूरकडे राहिले. सरहद्द सरकली, सोयरिकी सरकल्या नाहीत. उदगीरची लेक आजही भालकीला नांदायला येते. ती मराठी शाळेत शिकलेली, तो बऱ्याचदा कन्नड माध्यमातला. बोलताना दोघांचं कुठेच अडत नाही, वर्तमानपत्र हातात घेतलं की मात्र दोघांच्या वाटा दोन. त्याआधीच्या पिढीची गोष्ट आणखी वेगळी. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू होती. कर्ता पुरुष उर्दू कागद वाचायचा, घरातल्या बाया मराठी पोथी ऐकायच्या. नवराबायकोचं वाचन एकच असावं ही अपेक्षा इथे कुणाला परवडलीच नसती.

म्हणून वाचनाचा संसाराशी संबंधच नाही, असं मी म्हणणार नाही. पुस्तकं तीच असण्याला फारसं वजन नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. एकाने वाचलेलं दुसऱ्यापर्यंत पोचतं का आणि उलट दिशेनेही येतं का, हे पाहावं. याचा मला माहीत असलेला सर्वांत चांगला पुरावा पुण्यातल्या एका घरात सापडतो, पण तो सीमाभागाच्या फार जवळचा आहे. उमा कुलकर्णी मूळच्या बेळगावच्या, वाचन मराठी. पती विरुपाक्ष कन्नड वाचणारे. उमाताईंना कन्नड कळायचं, पण लिपी वाचता येत नव्हती. कन्नड कादंबरीकार शिवराम कारंतांच्या पुस्तकाला ज्ञानपीठ मिळालं तेव्हा ते काय आहे, या कुतूहलातून विरुपाक्ष वाचून दाखवू लागले, त्या ऐकू लागल्या आणि ऐकलेलं मराठीत उतरवू लागल्या. पुढे भैरप्पांच्या कन्नड कादंबऱ्या महाराष्ट्राने वाचल्या त्या मुख्यतः याच वाटेने. त्यांतल्या 'वंशवृक्ष'च्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विरुपाक्ष यांनीही मराठी पुस्तकं कन्नडमध्ये नेली. दोघं एकच लिपी वाचणारे असते तर मोठ्याने वाचायची गरजच पडली नसती. दोन खुर्च्यांवर दोघं आपापली प्रत घेऊन बसले असते, आणि मराठी वाचकाचं नुकसान झालं असतं ते वेगळंच.

कुणी म्हणेल, हे अपवादात्मक जोडपं आहे. आहेच. पण मोठ्याने वाचणं आणि ऐकणं इथे नवीन नाही. अफजलपूर तालुक्यातल्या गाणगापूरशी जोडलेला 'गुरुचरित्र' हा ग्रंथ मराठीत लिहिणाऱ्या सरस्वती गंगाधरांची मातृभाषा कन्नड असावी, असं अभ्यासक मानतात. त्याची पारायणं सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना चालतात. याच परंपरेत माझ्या मुद्द्याला छेद देणारी गोष्टही आहे. बायकांनी गुरुचरित्र स्वतः वाचू नये, फक्त ऐकावं, असा दंडक कित्येक घरांत अजून पाळतात. ग्रंथ एक, वेळ एक, खोली एक, पण वाचणारा कोण आणि ऐकणारं कोण हे जन्मापासून ठरलेलं. अशा वाचनाने नातं किती जवळ येतं, याची मला शंका आहे.

सुधारकांच्या घरातही हा एकतर्फीपणा होता. गोपाळराव जोशांनी आनंदीबाईंना शिकवण्याचा ध्यास घेतला, त्यातून 1886 साली ती डॉक्टर झाली, आणि त्याच ध्यासापायी तिने मारही खाल्ला. रमाबाई रानड्यांची गोष्ट पुष्कळ सौम्य. न्यायमूर्तींना त्या वाचून दाखवत, आणि शिकण्यावरून घरातल्या बायकांची बोलणीही खात. तरी काय वाचायचं हे बहुतेक न्यायमूर्तीच ठरवत. याउलट पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची कवितेची आवड खरोखर बरोबरीची होती. बोरकर-मर्ढेकरांच्या कवितांचं वाचन त्यांनी रसिकांपुढे मिळून केलं. पण 1990 साली सुनीताबाईंचं आत्मकथन 'आहे मनोहर तरी' आलं आणि कवितेवर एकत्र जीव लावल्याने घरातल्या कामाची, निर्णयांची वाटणी आपोआप सरळ होत नाही हे मराठी वाचकाला कळलं. शिवाय सुनीताबाईंचा वाचनाचा मोठा पत्रसंवाद धारवाडच्या जी. ए. कुलकर्ण्यांशी होता. वाचनातली सगळी भूक जोडीदारानेच भागवावी हा हट्ट, मला वाटतं, कुणाही जोडीदारावर अन्यायच आहे.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा : पुस्तकं म्हणजे नुसती आवडीची बाब नसते, त्यांतून माणसाची मूल्यं कळतात, आणि मूल्यं जुळल्याशिवाय संसार कसा होणार? यातला दुसरा अर्धा भाग मान्य. पहिला नाही. जातिभेद नाकारणाऱ्या बसवण्णांची वचनं कपाटात असलेल्या घरातही जात विचारूनच सोयरीक ठरते, हे बसवकल्याणात कुणाला सांगावं लागणार नाही. पुस्तकावरून माणसाला कसा दिसायचा सोस आहे ते कळतं. तो कसा वागेल ते कळायला बायकोच्या हातात पुस्तक असताना चहा कोण टाकतो, हे पाहावं.

कारण इथला खरा अडसर लिपीचा नाही, सवडीचा आहे. 2011 च्या जनगणनेत कलबुर्गी जिल्ह्यात पुरुषांची साक्षरता सुमारे 74 टक्के आणि बायकांची सुमारे 55 टक्के होती. म्हणजे कित्येक घरांत दोघांच्या आवडीची तुलना करण्याआधी एकाला वाचताच येत नव्हतं. ज्या बाईला येतं तिलाही जेवणं, भांडी, पोरांचा अभ्यास उरकेपर्यंत डोळे मिटू लागतात, आणि नवरा त्याच वेळात ओसरीवर मोबाइल घेऊन बसलेला असतो. तरी सुरुवातीला वाचता न येणं हाही शेवटचा निकाल नसतो. लक्ष्मीबाई टिळकांना लग्नाच्या वेळी अक्षरओळख जवळजवळ नव्हती, आणि नवरा कवी. ना. वा. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे काव्य सुमारे साडेदहा अध्यायांवर सोडलं, ते त्यांच्या पश्चात बाईंनी 64 अध्याय लिहून पुढे नेलं. लग्न ठरवताना दोघांचे आवडते लेखक कुणी विचारले असते, तर एका बाजूचा रकाना कोराच राहिला असता.