कॉम्प्युटरचा ताप आधी मोजा, मग खर्च करा

वस्तीतल्या बऱ्याच घरांत आता जुना कॉम्प्युटर दिसतो. कोणाला तो ऑफिसातून भंगाराच्या भावात मिळाला, कोणी मुलांच्या शिक्षणासाठी सेकंडहँड घेतला. मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसते, निम्मा अर्ज होतो आणि कॉम्प्युटर एकाएकी बंद पडतो. पुन्हा चालू केला की दहा मिनिटांनी तेच. दुकानात नेला तर “मदरबोर्ड गेला” असे ऐकावे लागते आणि खर्च ऐकून घरातला माणूस गप्प बसतो. वाचक बंधू-भगिनींनो, हा खर्च करण्याआधी प्रोसेसरचे तापमान स्वतः पाहा.

प्रोसेसर जी वीज खातो, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. २००४ साली आलेल्या पेंटियम ४ च्या काही प्रोसेसरांची उष्णता ११५ वॅटपर्यंत जाई. म्हणजे शंभराच्या बल्बपेक्षा जास्त, आणि तीही नखाएवढ्या तुकड्यातून! ती काढून घेण्यासाठी प्रोसेसरवर पट्ट्यापट्ट्यांचा धातूचा ठोकळा आणि त्यावर पंखा बसवलेला असतो. पट्ट्यांत धूळ साचली, पंखा मंदावला किंवा ठोकळ्याखालची पेस्ट वाळली की उष्णता कोंडते. मग प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो. तेवढ्याने भागले नाही तर जळू नये म्हणून कॉम्प्युटर बंद होतो. असे बंद पडणे हा त्याचा बचाव असतो.

तापमान पाहायला पैसा लागत नाही. कॉम्प्युटर चालू करताच डिलीट किंवा एफ-२ हे बटण दाबत राहावे. जो पडदा येतो त्यात ‘हार्डवेअर मॉनिटर’ किंवा ‘पीसी हेल्थ’ असे पान असते. तिथे तापमान आणि पंख्याचे फेरे दिसतात. काम चालू असताना पाहायचे तर विंडोजवर ‘कोअर टेम्प’ किंवा ‘एचडब्ल्यू मॉनिटर’ हे प्रोग्राम घरच्या वापराला फुकट मिळतात. लिनक्सवर ‘एलएम-सेन्सर्स’ आहे. मात्र प्रोग्राम मूळ ठिकाणाहूनच उतरवावा.

एक आकडा कॉम्प्युटर रिकामा असताना लिहावा, दुसरा पंधरा-वीस मिनिटे काम केल्यावर. साधारणपणे रिकामा असताना ३५ ते ५० आणि कामात ६० ते ७० अंश असेल तर चिंता नको. ८० च्या वर टिकून राहिला तर साफसफाई करावी. ९० च्या पुढे गेला तर काम थांबवावे.

आकडा वाचताना खोलीचाही विचार करावा. पंखा खोलीतलीच हवा फिरवतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो, तेव्हा पत्र्याच्या घरातला कॉम्प्युटर थंडीतल्यापेक्षा गरम दाखवणारच. उलट, खोलीत ४० अंश असताना आकडा ३० आला तर तो खोटा समजावा. पंख्याने कोणतीही वस्तू खोलीपेक्षा थंड होत नाही. जुन्या बोर्डांवर असे चुकीचे आकडे येतात.

साफ करताना वायर भिंतीतून काढावी. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडावी आणि त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. ओले फडके लावू नये. पेस्ट बदलायची असेल तर जाणत्या माणसाकडून बदलून घ्यावी. चालू कॉम्प्युटरवर कापड घालू नये, त्याला भिंतीला चिकटवू नये.

एवढे करूनही तो बंद पडत असेल आणि त्या वेळी आकडा ५५ असेल, तर बहुधा दोष उष्णतेचा नाही. मग पॉवर सप्लाय तपासून घ्यावा. हा आकडा असा दोन्हीकडे उपयोगी पडतो.

आम्ही कारकून मंडळी आवक-जावक लिहून ठेवतो. तशीच एका वहीत तारीख आणि दोन्ही आकडे महिन्यातून एकदा मुलांकडून लिहून घ्यावेत. आकडा हळूहळू चढत असेल तर तो बंद पडण्याआधीच कळेल. दुकानात जावे लागलेच तर ती वही सोबत न्यावी. हातात लेखी हिशेब असलेल्या गिऱ्हाइकाला काहीही सांगून वाटेला लावणे सोपे नसते.