विश्लेषण : मोसम पार पडला, पण कोणाचा? करोनाकाळातील अमेरिकी कॉलेज आइस हॉकीचा हिशेब

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था ‘एनसीएए’ने १२ मार्च २०२० रोजी हिवाळी आणि वसंत ऋतूतील सर्व राष्ट्रीय स्पर्धा एका फटक्यात रद्द केल्या. आइस हॉकीचा मोसम तेव्हा ऐन बाद फेऱ्यांच्या तोंडावर होता. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठाचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ क्रमवारीत अव्वल होते. त्यांचा मोसम तिथेच संपला. पुढच्या वर्षी मोसम झाला. विजेताही मिळाला. मात्र तो कोणत्या अटींवर झाला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे प्रश्न आजही विचारण्यासारखे आहेत.

आइस हॉकीत संसर्गाचा धोका अधिक का?

बर्फाच्या मैदानाभोवती उंच फळ्या आणि त्यावर पारदर्शक तावदाने असतात. बर्फालगतची थंड, जड हवा खालीच साचून राहते. बंदिस्त सभागृहात वायुवीजन कमी असेल तर ती लवकर बदलत नाही. त्यातच खेळाडू मिनिटभरापेक्षाही कमी काळ पूर्ण जोर लावून खेळतात, धापा टाकत बाहेर येतात आणि बाकावर एकमेकांना खेटून बसतात. कपडे बदलण्याची खोलीही दाटीवाटीचीच. जून २०२० मध्ये फ्लोरिडात एक हौशी सामना झाला. त्यानंतर पाच दिवसांत २२ पैकी १४ खेळाडू आणि मैदानावरील एक कर्मचारी यांच्यात करोनाची लक्षणे दिसली. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने (सीडीसी) या प्रकाराचा अहवालच प्रसिद्ध केला. म्हणजे मोसम सुरू होण्यापूर्वी धोक्याची कल्पना सर्वांना होती. अंधारात उडी मारली, असे म्हणण्याची सोय कोणालाच नव्हती.

खेळायचे की नाही, हे कोणी ठरवले?

एका संस्थेने ठरवलेच नाही. एनसीएएने चाचण्या आणि विलगीकरणाची मार्गदर्शक सूत्रे दिली. निर्णय मात्र विद्यापीठांच्या गटांवर, म्हणजे ‘कॉन्फरन्स’वर आणि शेवटी एकेका विद्यापीठावर सोपवला. परिणामी एकाच खेळात दोन टोके दिसली. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कॉर्नेल आदींच्या ‘आयव्ही लीग’ने नोव्हेंबर २०२० मध्ये हिवाळी खेळांचा मोसमच रद्द केला. ‘ईसीएसी’ या गटात एरवी १२ पुरुष संघ असतात. आयव्हीचे सहा आणि आणखी दोन संघ गळाल्यावर चारच उरले. दुसरीकडे मध्य-पश्चिमेतील राज्यांत बहुतेक संघ बर्फावर उतरले.

सरकारी नियमही सरसकट नव्हते. मॅसॅच्युसेट्स राज्याने ऑक्टोबर २०२० मध्ये संसर्गामुळे बंदिस्त बर्फ मैदाने दोन आठवड्यांसाठी बंद केली. पण महाविद्यालयीन आणि व्यावसायिक संघांना त्यातून सूट होती. शाळकरी मुलांचा खेळ थांबला आणि त्याच राज्यातील विद्यापीठांचे सराव सुरू राहिले. विद्यापीठांकडे चाचण्या आणि डॉक्टर होते, हे त्याचे समर्थन. ते चुकीचे नव्हते. पण ‘सुरक्षितता’ ही विकत घेता येणारी गोष्ट झाली होती, हेही त्यातून उघड झाले.

ओमाहातील ‘पॉड’ काय होता?

‘एनसीएचसी’ गटाने डिसेंबर २०२० मध्ये वेगळा प्रयोग केला. आपले आठही संघ नेब्रास्कातील ओमाहा शहरात आणले आणि बॅक्स्टर अरिना या एकाच मैदानावर सुमारे तीन आठवड्यांत ३८ सामने खेळवले. संघ हॉटेलात राहत आणि तेथून थेट मैदानावर जात. ‘एनबीए’च्या किंवा आपल्या ‘आयपीएल’च्या जैव-सुरक्षा परिघाचीच ही महाविद्यालयीन आवृत्ती. प्रवास टळला आणि सामने वेळेवर झाले. शिक्षण ऑनलाइन असल्याने हे शक्य झाले. मात्र आयपीएलच्या खेळाडूला बंदिवासाचे मानधन मिळते, महाविद्यालयीन खेळाडू हा कागदोपत्री विद्यार्थी असतो. त्याला तेव्हा शिष्यवृत्ती मिळू शकत होती, पगार नाही. गर्दीच्या वसतिगृहापेक्षा हॉटेल सुरक्षित असेलही, पण ‘विद्यार्थी-खेळाडू’ या शब्दातला विद्यार्थी तिथे कितपत उरला होता?

राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड कशी झाली?

एरवी या खेळात निवडीवरून वाद फारसे होत नाहीत. सहा गटविजेते थेट पात्र ठरतात आणि उरलेल्या जागा तेव्हा ‘पेअरवाइज’ या गणिती क्रमवारीने भरल्या जात. त्यासाठी एका गटातील संघांनी दुसऱ्या गटातील संघांशी पुरेसे सामने खेळलेले असावे लागतात. करोनामुळे बहुतेक संघ आपापल्या गटातच खेळले. मग तुलना कशाशी करणार? त्यामुळे २०२१ मध्ये गणित बाजूला ठेवून समितीने स्वतःच्या मतानुसार १६ संघ निवडले. यात कोणी लबाडी केली असे नाही. पण ज्या व्यवस्थेचा अभिमान तिच्या निःपक्षपाती आकडेमोडीत होता, ती आकड्यांविना उभी राहिली.

माघार घ्यावी लागलेल्या संघांचे काय?

खरा कस इथे लागला. सेंट लॉरेन्स विद्यापीठाने २० मार्च २०२१ रोजी अतिरिक्त वेळेत क्विनिपियाकला हरवून ईसीएसीचे जेतेपद मिळवले आणि राष्ट्रीय स्पर्धेतील जागाही. त्यानंतर लगेचच त्यांचे प्रशिक्षक बाधित आढळले आणि संघाला माघार घ्यावी लागली. अंतिम सामन्यात हरलेला क्विनिपियाक राष्ट्रीय स्पर्धेत खेळला, जिंकलेला सेंट लॉरेन्स घरी राहिला. पुढे नोत्र दाम आणि मिशिगन या संघांनाही बाधित खेळाडूंमुळे बाहेर पडावे लागले. त्यांचे प्रतिस्पर्धी बॉस्टन कॉलेज आणि मिनेसोटा-डलुथ न खेळताच पुढे गेले.

त्याचा परिणाम दुसऱ्याच दिवशी दिसला. २७ मार्चला फार्गो येथे डलुथची गाठ नॉर्थ डकोटाशी पडली. नॉर्थ डकोटा आदल्या दिवशी सामना खेळून आला होता, डलुथ ताजातवाना होता. शेवटच्या दोन मिनिटांत नॉर्थ डकोटाने दोन गोल करून बरोबरी साधली आणि मग सामना पाचव्या अतिरिक्त सत्रापर्यंत रंगला. १४२ मिनिटे १३ सेकंदांच्या खेळानंतर डलुथने ३-२ असा विजय मिळवला. राष्ट्रीय स्पर्धेच्या इतिहासातील हा सर्वांत लांबलेला सामना. एका संघाच्या विश्रांतीमुळेच निकाल लागला, असे कोणी ठामपणे म्हणू शकणार नाही. पण ती विश्रांती खेळातून मिळालेली नव्हती, एवढे नक्की.

मग या जेतेपदाला अर्थ उरतो का?

उरतो, आणि पूर्ण उरतो. पिट्सबर्ग येथील अंतिम चार संघांच्या फेरीत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा (यूमास) संघ चार खेळाडूंविना उपांत्य सामना खेळला. करोना नियमांमुळे बाहेर राहिलेल्या त्या चौघांत मुख्य गोलरक्षक फिलिप लिंडबर्ग आणि संघासाठी सर्वाधिक गोल करणारा कार्सन गिसेविट्स होता. समोर होता २०१८ आणि २०१९ चा विजेता डलुथ, ज्याने २०१९ च्या अंतिम सामन्यात यूमासलाच हरवले होते. यूमासने राखीव गोलरक्षक मॅट मरेच्या भरवशावर अतिरिक्त वेळेत ३-२ अशी बाजी मारली. १० एप्रिलला लिंडबर्ग परतला आणि सेंट क्लाउड स्टेटला एकही गोल करता आला नाही. यूमास ५-० ने जिंकले आणि विद्यापीठाच्या इतिहासातील पहिले हॉकी जेतेपद त्यांच्या नावावर लागले. महिलांत विस्कॉन्सिनने नॉर्थईस्टर्नला अतिरिक्त वेळेत २-१ असे नमवले. या विजेत्यांच्या नावापुढे तारांकन लावणे अन्यायाचे ठरेल. त्यांनी नियम केले नव्हते, समोर आलेले सामने जिंकले.

‘वाढीव वर्षा’चे काय झाले?

खेळाडूला महाविद्यालयीन पातळीवर एरवी चारच मोसम मिळतात. ऑक्टोबर २०२० मध्ये एनसीएएने जाहीर केले, की २०२०-२१ चा मोसम त्यात मोजला जाणार नाही. निर्णय माणुसकीचा होता. पण सामन्याला संघातून वीसएक खेळाडूच उतरतात. शेवटच्या वर्षाचे खेळाडू आणखी एक वर्ष थांबले की दारात उभ्या असलेल्या नवख्यांना थांबावे लागते. आइस हॉकीत बहुतेक मुले कनिष्ठ लीगमध्ये दोन-तीन वर्षे घालवून विसाव्या वर्षाच्या आसपास कॉलेजात येतात. त्यांची प्रतीक्षा लांबली. काहींची जागा गेलीही. एका तुकडीला दिलेली भरपाई दुसऱ्या तुकडीच्या खिशातून गेली. आयव्ही लीगमध्ये पदव्युत्तर विद्यार्थ्यांना खेळता येत नाही. तिथे शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंसाठी एकदाच सवलत द्यावी लागली.

सर्वाधिक किंमत कोणी मोजली?

लहान संघांनी. अलाबामा-हंट्सव्हिल हा दक्षिणेतील अव्वल श्रेणीचा एकमेव संघ. मे २०२० मध्ये तो बंद करण्याची घोषणा झाली, माजी विद्यार्थ्यांनी पाच लाख डॉलरहून अधिक निधी उभारून तो वाचवला. त्यांनी करोनाचा मोसम कसाबसा पूर्ण केला, मात्र सामावून घेणारा गटच न मिळाल्याने मे २०२१ मध्ये संघ स्थगित झाला. अलास्का-अँकरेजचा संघ बंद करण्याचा ठराव २०२० मध्ये झाला. समर्थकांनी सुमारे ३० लाख डॉलर जमवल्यावर तो २०२२ मध्ये मैदानात परतला. रॉबर्ट मॉरिस विद्यापीठाची गोष्ट तर चटका लावणारी. पिट्सबर्गमधील अंतिम फेरीचे यजमानपद याच विद्यापीठाकडे होते. त्यांचा महिला संघ त्याच वर्षी गटविजेता ठरून राष्ट्रीय स्पर्धेत खेळला होता. अंतिम सामन्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, २६ मे रोजी, विद्यापीठाने पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ बंद केले. देणगीदारांच्या रेट्यामुळे ते २०२३-२४ मध्ये परतले, पण तोवर बहुतेक खेळाडू पांगले होते.

करोनाने हे संघ मारले, असे म्हणणे सोपे आहे. ते आधीच तोट्यात आणि दुर्लक्षित होते. साथीने व्यवस्थापनांना निमित्त दिले. चाचण्यांचा खर्च वाढला, तिकिटांचे उत्पन्न शून्यावर आले आणि वर्षानुवर्षे टाळलेला निर्णय चटकन घेता आला.

आपल्याशी याचा संबंध काय?

वर्ष वाया जाणे म्हणजे काय, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. २०२० मध्ये आयपीएल अमिरातीत थाटात झाली, पण २०२०-२१ चा रणजी करंडक १९३४-३५ पासून प्रथमच झाला नाही. क्रिकेट मंडळाने पुढे रणजी खेळाडूंना निम्म्या सामना मानधनाची भरपाई दिली, हे बरेच झाले. महाराष्ट्रात स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांनी वयोमर्यादेत सवलतीसाठी आंदोलने केली. ती मिळालीही. पण सवलत मिळाली म्हणून जागा वाढल्या नाहीत, हे अभ्यासिकांत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. थोडक्यात, काळ परत देता येतो असे जाहीर करणे सोपे आहे. जागा आणि पैसा वाढवल्याशिवाय ती घोषणाच राहते.

धडा काय?

मोसम खेळवणे चूक होते, असा निष्कर्ष काढता येत नाही. खेळ थांबवल्याचीही किंमत असते आणि ती आयव्हीच्या खेळाडूंनी मोजली. खटकते ते दुसरेच. बाधित आढळल्यास सामना किती दिवस पुढे ढकलता येईल, न खेळता पुढे जाणाऱ्या संघाचे वेळापत्रक कसे असेल, गटविजेत्याची जागा कोणाला मिळेल, हे सारे मोसमाआधी ठरवून खेळाडूंसमोर ठेवायला हवे होते. स्पर्धेच्या आठवड्यात एक-दोन मोकळे दिवस राखले असते, तरी काही संघांना खेळता आले असते. भरपाईचे वर्ष देताना येणाऱ्या तुकडीसाठी जागा वाढवायला हव्या होत्या. आणि संकटात घेतलेला संघबंदीचा निर्णय किमान एक मोसम स्थगित ठेवण्याचे बंधन विद्यापीठांवर हवे होते. अलास्का आणि रॉबर्ट मॉरिसने दाखवून दिले, की वेळ मिळाला तर माणसे संघ वाचवतात.

पुढची साथ कधी येईल, सांगता येत नाही. ती आली, तर निर्णय पुन्हा घाईतच घ्यावे लागतील. म्हणूनच नियम आता, शांततेच्या काळात लिहून ठेवायला हवेत. सेंट लॉरेन्सच्या खेळाडूंनी करंडक उचलला आणि त्यांना स्पर्धा मात्र घरच्या पडद्यावर पाहावी लागली. पुढच्या पिढीवर ती वेळ येऊ नये, एवढे तरी व्यवस्थेला करता यायला हवे.