खाणावळ, समुद्र आणि आपले सोयाबीन

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात एक प्रश्न हमखास निघतो : "कोकणात जेवायचे कुठे?" वाशीमहून समुद्र पाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. त्यामुळे आमच्याकडचा माणूस कोकणात जातो तो आयुष्यात दोन-चार वेळा, आणि जाताना कोणाकडून तरी नावांचा कागद घेऊन जातो. मालवणचे 'चैतन्य', सावंतवाडीची 'भालेकर खानावळ' अशी काही नावे प्रवासी वर्षानुवर्षे एकमेकांना सांगत आले आहेत. त्यांच्याखाली प्रत्येक जण आपापली भर घालतो. असे कागद घेऊन मी दोनदा सहकुटुंब आणि एकदा विद्यार्थ्यांच्या सहलीबरोबर कोकणात गेलो. नावे चुकीची नव्हती. परंतु कागदाच्या मुळाशी असलेला प्रश्न अपुरा आहे, असे आता वाटू लागले आहे. त्याविषयी हे थोडेसे.

प्रारंभ शब्दापासून करू. कोकणातल्या पाट्यांवर 'खानावळ' असे लिहिलेले असते; आपल्या कोशांतला शब्द 'खाणावळ'. दळणावळ, धुणावळ, शिवणावळ, लिहिणावळ या शब्दांच्या रांगेत तो ठेवून पाहिला, तर त्यातला प्रत्यय मोबदल्याचा आहे हे लगेच ध्यानात येते. दळून देणाऱ्याला द्यायची ती दळणावळ. त्याच न्यायाने खाणावळ म्हणजे आधी खाऊ घालणाऱ्याला द्यायचे मोल, आणि मग ते मोल देऊन जिथे जेवायचे ती जागा. हॉटेल आणि रेस्टॉरंट या शब्दांत जागा आहे, सोय आहे. खाऊ घालणाऱ्या माणसाची मजुरी मात्र फक्त आपल्या या शब्दात शिल्लक राहिली आहे. भाषेच्या विद्यार्थ्याने समुद्रकाठी जेवायला बसताना एवढे जरी मनात ठेवले, तरी पुष्कळ झाले.

या शब्दाचा सामाजिक प्रवासही पाहण्यासारखा आहे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो एकटे पुरुष खाणावळींत जेवत. त्या खाणावळी बहुतांशी बायकाच चालवत. कर्ज काढून, महिन्याच्या उधारीवर. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन केले ते याच बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी. गिरण्या गेल्या, जेवणारे पांगले. आज तीच खाणावळ हर्णै, गुहागर, मालवण, वेंगुर्ले इथे घरोघरी दिसते. पूर्वी कोकणी माणूस पोटासाठी बाहेर गेला म्हणून खाणावळ होती. आता बाहेरचा माणूस सुट्टीसाठी कोकणात येतो म्हणून ती आहे. जेवणारा बदलला. चुलीपुढची बाई बहुधा तीच राहिली.

आता रस्त्यावरच्या विक्रीविषयी. सहलीत आपण खाणावळीची चौकशी करतो आणि रस्त्याकडेच्या टोपल्या गाडीच्या काचेतून पाहत पुढे जातो. खरे तर कोकणची ओळख टोपल्यांपासून करून घ्यावी. अलिबागच्या रस्त्याला लागले की उन्हाळ्यात पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. पातीसकट विणलेली ती माळ म्हणजे साठवणीची जुनी युक्ती आहे. या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच रायगडात हिवाळ्यात वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात घालून भाजतात. त्या प्रकाराला पोपटी म्हणतात. ती कोणत्याही छापील यादीत सापडत नाही, विचारावी लागते. पुढे रत्नागिरी-सिंधुदुर्गात एप्रिल-मे महिन्यांत हापूस, ओले काजूगर, फणस, करवंदे, रातांबे असा सगळा बाजार रस्त्यावर येतो. इथेही घेणाऱ्याने थोडे जाणून असावे. सोलकढीसाठी लागते ते मिठातले आगळ, आणि पाणी घालून सरबत करायचे ते साखरेतले अमृत कोकम. हे न कळून आमच्यातल्या एका सहकाऱ्याने आगळाचे सरबत करून पाहुण्यांना दिले होते. हापूसला २०१८ साली मानांकन मिळाले असले तरी पेटीवरचे नाव आणि आतला आंबा यांचे नाते नेहमीच सरळ असते असे नाही. म्हणून महामार्गावरच्या मोठ्या मांडवापेक्षा गावात शिरून, ज्याच्या अंगणात आढी घातलेली दिसते त्याच्याकडे घ्यावे.

हर्णैला मासळीचा लिलाव समोर सुवर्णदुर्ग ठेवून थेट किनाऱ्यावर चालतो. लहान खरेदी करणाऱ्यालाही वाटा मिळतो, आणि आसपासच्या घरगुती खाणावळीत तो नेऊन दिला तर रांधून मिळतो. यजमानीण मासळी उलटून पाहते, कल्ले बघते आणि आपण फसलो की नाही ते स्पष्ट सांगते. विद्यार्थ्यांना बाजार म्हणजे काय हे वर्गात सांगण्यापेक्षा इथे लवकर समजते, हा माझा अनुभव आहे.

मात्र खाणावळीच्या पाटीवर काय दिसते? व्हेज थाळी, सुरमई थाळी, पापलेट थाळी, कोंबडी-वडे. किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाटी तीच. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै हा यांत्रिक मासेमारीच्या बंदीचा काळ असतो. तरी भर जुलैत जाणारा पाहुणा सुरमईच मागतो आणि बर्फातली सुरमई त्याच्या पानात येते. त्या दिवसांत कोकणातले घर काय खाते? सुकी मासळी, कुळथाचे पिठले, पावसाळी रानभाज्या, काळ्या वाटाण्याची उसळ. हे पाटीवर नसते, कारण ते कोणी मागत नाही. घावन, आंबोळी, खापरोळी, शिरवाळे, वालाचे बिरडे, तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले हे शब्द 'थाळी' या एका शब्दाखाली गडप होत चालले आहेत. बोलीतले शब्द मरतात ते काही कोशकारांच्या दुर्लक्षामुळे नव्हे. त्या वस्तू मागणारे उरत नाहीत म्हणून ते मरतात. आणि न मागणाऱ्यांत आपण आहोत.

आपण कसे, ते सांगतो. आमच्या विद्यार्थ्यांची सहल गुहागरकडच्या एका घरी उतरली होती. आमच्यात शाकाहारी पुष्कळ होते. मी आदल्या दिवशी फोन करून 'मुलांना पनीरची भाजी आणि पोळ्या चालतील' असे कळवून ठेवले होते. त्यात माझी काळजीच होती. यजमानीणबाईंनी सात-आठ किलोमीटरवरून पनीर आणवले, भाजी केली. ती बेताची झाली होती. त्यांच्या घरच्यांसाठी मात्र मागच्या पडवीत फणसाची भाजी, तांदळाची भाकरी आणि कुळथाचे पिठले होते. एका मुलीने ते पाहिले आणि "मावशी, आम्हाला ते द्या ना," असे म्हणून ती सरळ आत जाऊन बसली. मग एकेक करून निम्मी पंगत आत गेली. पनीर पातेल्यात राहिले. बाई हसल्या, पण मला त्या दिवशी ओशाळे वाटले. शाकाहारी माणसाची कोकणात आबाळ होते ही माझी समजूत मी त्यांच्यावर, त्यांच्याच चुलीवर लादली होती.

हात धुताना त्यांनी सहज विचारले, "सर, तुमच्याकडे काय पिकतं हो?"

मी म्हणालो, "सोयाबीन. सगळीकडे सोयाबीन."

"त्याचं काय करता?"

"विकतो."

"खाण्यात कसं करता, असं विचारत्ये."

मला उत्तर देता आले नाही. वर्गात चाळीस मिनिटे अखंड बोलणारा माणूस मी. आमच्या जिल्ह्यात पावसाळ्यात कोसच्या कोस जे हिरवे दिसते त्याचा एक दाणाही आमच्या चुलीवर शिजत नाही. ते अडत्याकडे जाते, तिथून कारखान्यात. परत येते ते पिशवीतले तेल होऊन. शेतकरी आपले पीक ओळखू शकणार नाही अशा रूपात ते विकत घेतो. आम्ही समुद्रकाठी आंबा-काजूच्या टोपल्या पाहून हरखून जातो, त्याचे एक कारण हे असावे. पिकवणारा, विकणारा आणि खाणारा एकमेकांसमोर उभे आहेत, हे दृश्य आमच्या डोळ्यांना सवयीचे उरलेले नाही.

याचा साहित्याशी संबंध आहे. श्री. ना. पेंडशांच्या 'गारंबीचा बापू'मधल्या राधेचे हॉटेल मराठी वाचकाला ठाऊक आहे. कोकणची चूल, वाडी, पोफळी, खाडी यांना आपल्या कथा-कादंबऱ्यांत स्थान मिळाले आणि त्यामुळे न पाहिलेले कोकणही आपल्याला परिचयाचे वाटते. वऱ्हाडच्या वाट्याला अन्नाचे जे थोर चित्रण आले ते उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधले. तिथे कौतिकची झुंजच घासासाठी आहे. ते खरेच होते, आणि ते लिहिले गेलेच पाहिजे होते. परंतु वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह जिथे लावला ते हे गाव. हा उल्लेख आम्ही प्रत्येक स्वागतपर भाषणात अभिमानाने करतो. त्या लग्नाच्या पंगतीत काय वाढले असेल, असा प्रश्न मात्र आमच्यापैकी कोणी गमतीनेही विचारलेला नाही.

दरम्यान रस्ता बदलला. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग खुला झाला. तो आमच्या जिल्ह्यातूनच जातो. समुद्र त्यामुळे काही तासांनी जवळ आला, हे मान्य. पण हा बंदिस्त रस्ता आहे. त्याच्या कडेला टोपली घेऊन कोणाला बसता येत नाही. नागपूरहून निघालेला प्रवासी कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव ही नावे फलकांवर वाचतो आणि पुढे जातो. त्याला इथला हुरडा दिसत नाही, तुरीच्या उकडलेल्या शेंगा दिसत नाहीत, संत्री दिसत नाहीत, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी यांचा वासही येत नाही. फलकावरून उतरून गावात यावे असे त्याला वाटेल, असे आम्ही काय मांडून ठेवले आहे?

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ज्या प्रदेशात शेतकऱ्याचे जगणे इतके अवघड आहे तिथे खाण्याच्या हौसेविषयी लिहिणे अप्रस्तुत आहे. माझे उत्तर खाणावळ या शब्दातच आहे. हा विषय हौसेचा जितका, तितकाच मोलाचा आहे : ग्राहकाच्या रुपयातला किती भाग पिकवणाऱ्या आणि रांधणाऱ्या हातात पोहोचतो, याचा. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारले तेही शेताच्या बांधावर चार पैसे यावेत म्हणूनच. दुसरा आक्षेप असा की, मी कोकणचे गोड चित्र रंगवतो आहे. तोही अंशतः खरा आहे. तिथल्या जमिनी बाहेरच्यांच्या हाती जात आहेत, तरुण मुले अजूनही मुंबईची वाट धरतात, आणि घरगुती खाणावळीत पहाटे चारला उठणाऱ्या बाईचे नाव पाटीवर क्वचितच असते. असते ते मालकाचे. तरीही तिच्यासमोर बसून जेवता येते, तिला विचारता येते, ती आपल्याला विचारू शकते. एवढे तरी तिथे उरले आहे.

तेव्हा या सुट्टीत जाणाऱ्यांना माझे सांगणे थोडेच आहे. नावांचा कागद जरूर न्यावा. पण खाणावळीत आदल्या दिवशी फोन करून काय हवे ते सांगण्याऐवजी 'उद्या तुमच्या घरी काय आहे' असे विचारावे. ऋतूबाहेरचे मागू नये. आंबा, कांदा, कोकम पिकवणाऱ्याच्या अंगणातून घ्यावे आणि त्या वस्तूचे तिथले नाव लिहून आणावे. जाताना आपल्याकडचेही काही पिशवीत असू द्यावे. परतल्यावर मी त्या बाईंना रिसोडकडच्या एका शेतकऱ्याच्या घरची, जात्यावर भरडलेली तुरीची डाळ दोन किलो पाठवली. आठवड्याने त्यांचा फोन आला. डाळ शिजायला वेळ लागतो, पण चव निराळी आहे, म्हणाल्या; आणि तुमच्याकडे हिचे आणखी काय काय करतात, ते सविस्तर सांगा. या वेळी मी फोन आईच्या हाती दिला.