चाल उसनी, म्हणून बेवारस?

वर्ध्यांतील एका नाट्यगीतांच्या कार्यक्रमाची पत्रिका नुकतीच आमच्या पाहण्यांत आली. 'एकच प्याला'तील पदांपुढें गडकऱ्यांचें नांव होतें, गायकांचें होतें, देणगीदारांचेंहि होतें. परंतु हें नाटक १९१९ सालीं रंगभूमीवर येण्यापूर्वींच गडकरी निवर्तले. त्याचीं पदें रचलीं विठ्ठल सीताराम गुर्जरांनीं आणि कित्येक चाली दिल्या सुंदराबाई जाधवांनीं. या दोघांचा पत्रिकेंत मागमूसहि नव्हता. चालकांस विचारतां उत्तर मिळालें कीं, चाली मुळांत उत्तरेकडील ठुमरी-गझलांच्या. उसन्या मालाला कर्ता कसला?

हें उत्तर आम्हांस साफ अमान्य आहे. उसनवारी हाच दोष मानावयाचा, तर आमची सारी संगीत रंगभूमि दोषी ठरेल. 'सौभद्रा'च्या छापील प्रतींत पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून मूळ गीत सांगितलेलें आढळतें. घेणाऱ्यानें घेतलें आणि चारचौघांत कबूल केलें. यांत लाज ती कोणती? लाज आहे ती ऋण बुडविण्यांत.

राग कोणाच्याच मालकीचा नव्हे, हें खरें. परंतु एकाच यमनांत कितीतरी चिजा बांधल्या जातात आणि सदारंग आपल्या ख्यालांत स्वतःचें नांव गुंफतो. पाया सर्वांचा असला तरी इमारतीला कर्ता असतोच. अमेरिकेंतील जॅझवादकहि जुन्या गीताची स्वरसंगति घेऊन तिच्यावर नवी धून उभारतात. १९४७ सालची 'डॉना ली' ही धून १९१७ च्या 'इंडियाना' या गीताच्या संगतीवर बांधलेली. तिच्यावर चार्ली पार्करचें नांव छापलें गेलें. पुढें माइल्स डेव्हिसनें ती आपली असल्याचें सांगितलें. वाद झाला तो 'कर्ता कोण' याचा. पाया उसना, सबब कर्ताच नाहीं, असला निवाडा मात्र आमच्या चालकांनाच सुचावा!

कोणी म्हणेल, बाईंनीं चाली रचल्या नाहींत, नुसत्या दिल्या. असेल, परंतु गळ्यांत जतन केलेलें धन नाटकाच्या हवालीं करणारीला 'नुसती' म्हणण्याचा अधिकार आम्हां ऐकणाऱ्यांना कोणीं दिला? बैठकींत गाणाऱ्या स्त्रीची चाल घरोघर चालते आणि तिचें नांव तेवढें उंबऱ्याबाहेर राहतें, ही आमच्या सुशिक्षित घरांची जुनी खोड आहे.

पत्रिकेवर एक ओळ वाढविण्यास शाई फारशी लागत नाहीं. मूळ चाल, ती देणारा आणि पद रचणारा, तिघांचीहि नांवें छापावींत. न छापणाऱ्यांनीं निदान रसिकतेचा टेंभा मिरवूं नये.