भूविज्ञानाचे आकडे आणि सोलापूरची भूमी

पृथ्वीची सरासरी त्रिज्या 6,371 किलोमीटर, तिची सरासरी घनता पाण्याच्या साडेपाच पट, तिचे वय सुमारे 454 कोटी वर्षे आणि तिचा गाभा सुरू होतो तो पृष्ठभागाखाली सुमारे 2,900 किलोमीटरवर, हे चार आकडे आपल्या जिल्ह्यातील दहावीचे अनेक विद्यार्थी न चुकता सांगतात, आणि त्याचे श्रेय भूगोल व विज्ञान शिकविणाऱ्या आमच्या वाचकांना निःसंशय आहे. परंतु यांपैकी एखादा आकडा कोणी आणि कशावरून काढला असेल, असा प्रश्न केला की तोच विद्यार्थी थबकतो आणि पुस्तकाचे पान आठवू लागतो. आमच्या मते हा दोष विद्यार्थ्याचा नाही. आकडा आणि त्याचा पुरावा यांची आपण वर्गात जी फारकत करून ठेवली आहे, तिचा हा परिणाम आहे. आणि पुराव्यावाचून घेतलेला आकडा परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरला गेला, तर त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार आपणांस उरत नाही.

सोलापुरात ना समुद्र, ना हिमशिखर, ना ज्वालामुखी, मग मुलांना दाखवावे काय, अशी कैफियत शिक्षकबंधू पुष्कळदा मांडतात. तिचे उत्तर शाळेच्या कुंपणापाशी पडलेल्या काळ्या दगडात आहे. तो दगड दोऱ्याने बांधून तानकाट्याला अडकवावा आणि त्याचे वजन आधी हवेत व मग बादलीभर पाण्यात पूर्ण बुडवून घ्यावे. हवेत तो 580 ग्रॅम भरला आणि पाण्यात 380, तर घटलेले 200 ग्रॅम हे त्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन होय, आणि 580 ला 200 ने भागले असता घनता येते 2.9. आता फळ्यावर दुसरा आकडा लिहावा : 1798 साली कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने शिशाच्या गोलांमधील अत्यल्प आकर्षण मोजून संपूर्ण पृथ्वीची सरासरी घनता काढली, ती पाण्याच्या जवळजवळ साडेपाच पट. पायाखालचा दगड 2.9 आणि सगळी पृथ्वी 5.5, हे कसे, एवढाच प्रश्न विचारून शिक्षकाने स्वस्थ बसावे. आत काहीतरी फार जड असले पाहिजे, हे अनुमान नववीतील मूल स्वतःच्या बुद्धीने करते. खोलवरच्या प्रचंड दाबाने खडक दाबला जाऊन जड होतो हे खरे, परंतु तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही आणि लोखंडाचा गाभा मानावाच लागतो, एवढी पुस्ती मग शिक्षकाने जोडावी. मानवाने खोदलेले सर्वांत खोल छिद्र, रशियातील कोला येथील, साडेबारा किलोमीटरसुद्धा भरत नाही. आणि तरीही जेथे कोणी गेले नाही तेथले द्रव्य एका बादलीच्या आणि तानकाट्याच्या साहाय्याने अनुमानाच्या कक्षेत आणता येते, यापरते भूविज्ञानाचे दुसरे आकर्षण आम्हांस ठाऊक नाही.

हा दगड आला कोठून, हे सांगण्यास एखादी जुनी विहीर पुरे. वरची काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग सच्छिद्र व ठिसूळ मांजऱ्या, त्याखाली घट्ट काळा पाषाण, क्वचित दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा, हा क्रम विहीर खणणाऱ्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ आहे आणि पाणी कोणत्या थरात लागेल हेही त्यांना त्यावरूनच कळते. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हारसाचे लोट एकावर एक पसरत गेले, प्रत्येक लोटाच्या माथ्याकडे वायूचे बुडबुडे अडकून जाळी झाली, आणि दोन उद्रेकांमध्ये पुरेसा अवकाश मिळाला तेथे खडक कुजून तांबडी माती झाली. या खडकांत गोठून राहिलेल्या चुंबकत्वाचा अभ्यास करून क्लेग व त्याच्या सहकाऱ्यांनी 1956 साली दाखविले की, हा लाव्हा थिजला तेव्हा हा सारा मुलूख विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता. भूखंडे सरकतात हे सांगावयास अटलांटिकच्या दोन किनाऱ्यांचा नकाशा आपण दाखवितो तो योग्यच. परंतु आपल्याच विहिरीचा कातळ त्या प्रवासाचा साक्षीदार आहे, हे सांगावयाचे मात्र राहून जाते.

आणि किल्लारी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरते न सरते तोच झालेल्या त्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे दहा हजार माणसे घेतली. दख्खनचे पठार हे प्राचीन व स्थिर, म्हणून भूकंपापासून निर्भय, असे त्या दिवसापर्यंत सर्वत्र शिकविले जात होते आणि भूकंपप्रवणतेच्या अधिकृत नकाशातही तो भाग सर्वांत खालच्या, म्हणजे पहिल्या वर्गात दाखविलेला होता. 2002 साली सुधारलेल्या मानकाने तो वर्गच रद्द केला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या वर्गात गेला. भूकंपानंतर तेथे घेतलेल्या छिद्रात 338 मीटरवर काळा पाषाण संपून त्याखालचा प्राचीन पायाभूत खडक लागला. पश्चिमेकडे कोयनेच्या परिसरात गोठणे येथे तोच पाषाण सुमारे सव्वा किलोमीटर जाड भरला. पठाराचे हे आवरण पूर्वेकडे पातळ होत जाते, हा सिद्धांत या दोन आकड्यांवरून मुलांनी स्वतः मांडावा. त्याचप्रमाणे, किल्लारी येथून सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरच्या आसपास असल्याने, सेकंदाला सहा किलोमीटर धावणारी प्राथमिक लहर सोलापुरास तेरा-चौदा सेकंदांत आणि साडेतीन किलोमीटर धावणारी दुय्यम लहर तेवीस सेकंदांत पोहोचते, हे त्यांच्याकडून गणिताने काढून घ्यावे. म्हणजे दोन लहरींच्या येण्यातील वेळेच्या फरकावरून केंद्राचे अंतर कसे काढतात हे निराळे समजवावे लागणार नाही. माणसे मेली ती मात्र लहरींनी नव्हे. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे मातीच्या ओझ्याचे माळवद अंगावर कोसळल्याने मेली, आणि तशी घरे आपल्या तालुक्यांतून अजूनही आहेत, ही गोष्ट भूकंपाच्या पाठात सांगितलीच पाहिजे. अभ्यासक्रमात तिला गुण नसले तरी सांगितली पाहिजे.

पर्जन्यछायेविषयी एवढेच की, महाबळेश्वरास साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि सोलापुरास साडेपाचशे-सहाशे. हे दोन आकडे शेजारी ठेवून, एवढ्या थोड्या पावसातही काळी माती ओल धरून ठेवते म्हणूनच मालदांडी ज्वारी पिकते, हे मुलांकडून वदवून घेणे कोणाही शिक्षकास अवघड नाही.

आता एक योजना वाचकांपुढे ठेवतो. सोलापूर आणि जालना ही दोन शहरे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, सरळ रेषेत एकमेकांपासून सुमारे 240 किलोमीटर. येत्या 22 डिसेंबरला दोन्ही ठिकाणी सूर्य सुमारे 12 वाजून 25 मिनिटांनी मध्यान्ही येईल. ओळंब्याने सरळ उभ्या केलेल्या एक मीटर काठीची त्या वेळची सावली सोलापुरात 87 सेंटिमीटर आणि जालन्यात 94 सेंटिमीटर भरावी. दोन्ही ठिकाणच्या सूर्यकिरणांच्या कोनांतील फरक सव्वादोन अंशांहून किंचित कमी येतो, आणि त्रैराशिक मांडताच पृथ्वीचा परीघ चाळीस हजार किलोमीटरच्या जवळपास निघतो. सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एराटोस्थेनिसने वापरलेली रीत हीच. सावली मोजताना एका सेंटिमीटरची चूक झाली तर परिघात पाच ते सात हजार किलोमीटरची चूक पडते, तेव्हा जमीन समतल हवी, काठी अगदी उभी हवी, आणि 12 वाजून 10 मिनिटांपासून 12 वाजून 40 मिनिटांपर्यंत दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाची खूण करून त्यांतील सर्वांत आखूड सावली धरावी. आलेला आकडा पुस्तकाशी जुळला नाही तर तो पुस्तकाप्रमाणे दुरुस्त करू नये. जसा आला तसाच, मोजणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सह्यांनिशी, नोंदवहीत राहू द्यावा. सोलापूर जिल्ह्यातील ज्या शाळांना या मोजणीत भाग घ्यावयाचा असेल त्यांनी आणि जालन्याकडील आमच्या वाचकांनी नोव्हेंबरअखेर संपादकांना पत्राने कळवावे, म्हणजे शाळांच्या जोड्या लावून देता येतील. नोंदींचा संपूर्ण तपशील, चुकांसकट, फेब्रुवारीच्या अंकात छापला जाईल.