कादंबरीतली साथ

विज्ञान कादंबरीतली साथ डॉक्टरने वाचली की त्याचं लक्ष आधी खाटांकडे जातं. मायकेल क्रायटनची ‘द अँड्रोमेडा स्ट्रेन’ (१९६९) नुकतीच पुन्हा वाचली. उपग्रहाबरोबर पृथ्वीवर आलेला जीव, जमिनीखाली पाच मजली प्रयोगशाळा, निवडक शास्त्रज्ञ, आणि रुग्ण किती? दोन! एक म्हातारा, एक तान्हं बाळ. रक्ताच्या आम्लतेवरून कोडं सुटतं तो भाग झकास आहे. क्रायटन तेव्हा हार्वर्डला वैद्यक शिकत होते. पण शेवटी तो जीव आपणहूनच निरुपद्रवी होतो. उपचाराची वेळच येत नाही. सरकारी रुग्णालयाच्या नशिबी असं कुठलं!

त्यामानाने कॉनी विलिस यांची ‘डूम्सडे बुक’ (१९९२) मला खरी वाटली. २०५४च्या ऑक्सफर्डमधली इतिहासाची विद्यार्थिनी किव्हरिन कालप्रवासात चुकून १३४८च्या प्लेगमध्ये पोचते. तिने लस घेतली आहे, पण गावाला द्यायला जवळ औषध नाही. पाणी पाजायचं, अंग पुसायचं, शेजारी बसायचं. इकडे ऑक्सफर्डमध्ये इन्फ्लूएंझाची साथ. कोण कोणाला भेटलं याच्या याद्या करून माणसं थकतात, टॉयलेट पेपरसुद्धा संपत येतो, आणि उपचार करणारी डॉक्टरच दगावते. कोविडच्या जवळजवळ तीस वर्षं आधी हे लिहिलंय.

तक्रार एकच. २०५४ साली कुणाकडे मोबाइल नाही आणि फोन लागत नाही म्हणून पानंच्या पानं अडतात. तिथे खुशाल पुढे जा. आमच्या निवासी डॉक्टरांना मी हीच वाचायला देतो. क्रायटन त्यांनी आधीच वाचलेला असतो.