गृहरचना : पाण्याशेजारची वीज

लोणावळा, कर्जत वा अलिबागच्या परिसरात विसाव्यासाठी बंगला बांधताना अंगणात पोहण्याचा तलाव आणि त्यालगत हॉट टब असावा, अशी इच्छा आता अनेक कुटुंबे व्यक्त करतात. फरश्यांची आणि दिव्यांची निवड घरातील मंडळी आवर्जून करतात. मात्र पंप, हीटर व दिवे चालवणाऱ्या नियंत्रण-पेटीचे वायरिंग सर्वस्वी वायरमनवर सोपवले जाते. वस्तुतः तेथेच यजमानाने लक्ष घालावे. कारण भिजलेल्या त्वचेचा विजेला होणारा विरोध फार घटतो.

एमसीबी आहे, मग भय कसले, असे पुष्कळांना वाटते. परंतु 16 अँपिअरची एमसीबी केवळ तारांवरील अतिभार व शॉर्टसर्किट ओळखते. देहातून 30 मिलिअँपिअर, म्हणजे तिच्या क्षमतेच्या पाचशेव्या भागाहूनही कमी प्रवाह गेला, तरी श्वास कोंडू शकतो. एमसीबीला त्याचा गंधही लागत नाही. हे कार्य आरसीसीबीचे. व्यापारी घरांना तिचे तत्त्व सहज उमगेल. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांचा ती अखंड मेळ घालते. जावक-आवक जुळली नाही, तर तूट जमिनीत, कदाचित एखाद्या देहावाटे, जात आहे असे मानून क्षणार्धात पुरवठा तोडते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्रा. चार्ल्स डॅल्झिएल यांनी 1961 मध्ये याच तत्त्वावर जीवरक्षक उपकरण सिद्ध केले; पुढे 1968 मध्ये अमेरिकेच्या विद्युत संहितेने पाण्याखालील दिव्यांसाठी असे संरक्षण आवश्यक ठरवले.

म्हणून तलावासाठी 30 मिलिअँपिअरची स्वतंत्र आरसीसीबी असावी. आंतरराष्ट्रीय नियमांत काठापासून 2 मीटरचा एक आणि त्यापुढे दीड मीटरचा दुसरा पट्टा मानला आहे. नियंत्रण-पेटी या दोहोंच्या पलीकडे बसवणे श्रेयस्कर. पाण्यातील दिवे 12 व्होल्टचेच घ्यावेत आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मरही पट्ट्यांबाहेर ठेवावा. शिडी, कठडा, पंपाचे धातूचे अंग आणि काँक्रीटमधील सळया तांब्याच्या वाहकाने परस्परांस जोडाव्यात. अन्यथा दोन धातूंमधील व्होल्टचा फरक मधल्या माणसाला भोगावा लागतो. सळयांची ही जोडणी काँक्रीट ओतण्यापूर्वीच व्हावी लागते, हे ध्यानात असू द्यावे.

हॉट टबचा 6 किलोवॉटचा हीटर 230 व्होल्टवर सुमारे 26 अँपिअर प्रवाह घेतो. त्याला वेगळी, पुरेशा जाडीची तार हवी. पाणी वाहत नसेल तर हीटर चालूच होऊ नये, यासाठी फ्लो स्विच बसवावा. शिवाय पाणी 40 अंश सेल्सिअसवर जाऊ नये म्हणून थर्मोस्टॅट आणि तो बिघडल्यास हीटर तोडणारा दुसरा स्वतंत्र कटआउट असावा.

पावसाळ्यात आरसीसीबी वारंवार पडू लागली की ‘तात्पुरती डायरेक्ट करतो’ असे सांगणारा कारागीर भेटतो. त्याला तत्काळ थांबवावे. पेटीत शिरलेला ओलावा, पंपाचे झिजलेले सील किंवा दोन सर्किटांचे एकत्र झालेले न्यूट्रल, यांपैकी कारण सापडेपर्यंत तलाव बंद ठेवावा. खतावणीत तूट दिसली म्हणून कोणी वही फाडत नाही.

काम ताब्यात घेताना पंप थांबवून हीटरही थांबतो का, हे स्वतः पाहावे. जोडणीचा आराखडा पेटीच्या दारावर लावून घ्यावा. आरसीसीबीवरील ‘टेस्ट’ कळ महिन्यातून एकदा दाबावी. ती दाबूनही पुरवठा तुटला नाही, तर ती बदलेपर्यंत मुलांना पाण्यात उतरू देऊ नये.